एकाच पोत्यातला खजूर

हार्बरची गाडी १९९८ साली पनवेलपर्यंत आली आणि आजीला मुंबई एकदम जवळ झाली. महिन्या-दोन महिन्यांतून ती मला घेऊन निघायची. सँडहर्स्ट रोड मागं पडलं की मांडीवरची पिशवी उचलून म्हणायची, "ऊठ गो, आपली मशीद आली."

एकदा समोरच्या बाकावर बुरखा घातलेल्या एक बाई होत्या. नऊवारी नेसलेली, अंबाड्यात अबोली माळलेली ही म्हातारी मशिदीला 'आपली' म्हणते, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी विचारलंच, "आप मुसलमान हैं?"

"नाय गो बाय, आम्ही इस्राएल. पण मशीद आमचीच." आणि आजीनं तिथंच गोष्ट सुरू केली. त्या बाई ऐकत राहिल्या, गोष्ट संपेना. आम्ही व्हीटीपर्यंत गेलो, तिथून उलट गाडीनं मशिदीला परत आलो.

आजीची ती गोष्ट आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टींची आई आहे. आम्ही बेने इस्राएल. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगावला आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांची पुढं गावंच्या गावं झाली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक शनिवार तेली म्हणू लागले. पेणचे पेणकर, चौलचे चौलकर, आपट्याचे आपटेकर, पनवेलचे पनवेलकर. आमच्या प्रार्थनाघराला आम्ही कित्येक पिढ्या मशीदच म्हणत आलो. सिनेगॉग हा शब्द साहेबाबरोबर आला. मुंबईत मांडवीला १७९६ साली आमच्या लोकांनी पहिलं प्रार्थनाघर बांधलं, शार हारहामीम, म्हणजे दयेचं दार. पण ते नाव पोथीतलं. तोंडी नाव 'जुनी मशीद'. रेल्वेच्या स्टेशनाला मस्जिद हे नाव तिच्यावरून पडलं, असं मानतात. आजी तर शपथेवर सांगायची.

ती मशीद बांधली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी. ते कंपनीच्या फौजेत नेटिव्ह अंमलदार होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. इथून पुढची गोष्ट आजोबा सांगायचे. ओट्यावर बसून, पाय लांब करून, आणि ऐकायला बहुतेक वेळा पलीकडच्या घरातले चाचाही असायचे.

"कैद्यांना समोर उभं केलं. सुलतानाच्या आईनं विचारलं, हे लोक कोण? दिवेकर म्हणाले, आम्ही बेने इस्राएल. ती माउली गप्प झाली. म्हणाली, ही नावं मी कुराणात वाचली, माणसं कधी पाहिली नव्हती. आज पाहिली. बेटा, यांना मारू नको."

इथं चाचा नेहमी मान हलवायचे आणि म्हणायचे, "बनी इस्राईल. सतराव्या सूरेचं एक नावच आहे ते." ही भर ते दर वेळी घालायचे, आणि आजोबा दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखे थांबायचे. लहानपणी मला वाटायचं, गोष्टीचा तो भाग चाचांनी म्हणायचा असं ठरलेलंच आहे.

दिवेकर सुटून आले आणि त्यांनी नवस फेडला, तो हा मशिदीचा. सुलतानाच्या आईचे हे शब्द ही आमच्या समाजाची आठवण आहे, दस्तऐवज नव्हे. पण दोनशे वर्षं एका समाजानं आपल्या पहिल्या प्रार्थनाघराची जन्मकथा सांगताना त्यात एका मुसलमान आईला मानानं बसवलं, ही गोष्टही इतिहासच आहे. मला तिचं मोल फार वाटतं.

पनवेलचं आमचं प्रार्थनाघर, बेथ-एल, महात्मा गांधी रोडवर आहे. १८४९ सालचं. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, म्हणजे गावाच्या नगरपालिकेपेक्षा ते तीन वर्षांनी थोरलं. बेथ-एल म्हणजे देवाचं घर. हे मी चाचांना शाळकरी वयात मोठ्या तोऱ्यात सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बैत म्हणजे घर. बैतुल्लाह म्हणजे अल्लाचं घर. तुमचा बेथ नि आमचा बैत एकच की!" त्या दिवसापासून मी शब्द वेचू लागले आणि अजून वेचते आहे.

आमच्या समाजात धर्माचा निवाडा करणाऱ्याला काजी म्हणत. दावीद राहबी नावाच्या गुरूनं कोकणात येऊन आमच्यातल्या तीन घराण्यांना धर्म शिकवला आणि त्यांच्या वंशजांकडे काजीपण राहिलं, असं सांगतात. उपासाला आम्ही रोजा म्हणतो. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास म्हणजे 'बिरड्याचा रोजा', कारण तो सोडताना वालाचं बिरडं लागतं. एलूल महिन्यातल्या उपासांना जुनी माणसं चक्क रमजान म्हणत. आणि ज्याच्या नावानं आमच्या प्रत्येक शुभकार्याला मलिदा होतो तो एलियाहू हन्नाबी. 'हन्नाबी'तला नबी कुठला, हे चाचांच्या बायकोला, आमच्या खालाला, सांगावं लागत नसे. तो त्यांच्याकडे इलियास. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, 'एलियाहू हन्नाबीचा टापा'. आमचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा, वर ओलं खोबरं, गूळ आणि फळं. खालाकडचा मलिदा कुस्करलेल्या पोळीचा, तुपासाखरेचा. नाव एक, ताटं दोन.

हिब्रू आम्हाला पुढं नीट शिकायला मिळाली. त्याआधीची शेकडो वर्षं देवाशी बोलायला जे शब्द कमी पडले ते आम्ही मराठीतून घेतले आणि शेजारच्या मोहल्ल्यातून घेतले. उसने घेतलेले शब्द परत करता येत नाहीत. ते घरचेच होतात.

खाला कोकणी मुसलमान. तिच्या घरातही समुद्रावरून आल्याचीच गोष्ट होती, अरबस्तानातून आलेल्या व्यापाऱ्यांची. दोघी निवडायला तांदूळ घेऊन बसल्या की आजी म्हणायची, "आमचं जहाज फुटलं गो." खाला म्हणायची, "आमचं लागलं धड. पण उतरलो एकाच किनाऱ्याला." दोघी १९५७ सालच्या आगेमागे पनवेलला नव्या नवऱ्या म्हणून आल्या होत्या. आजीचं माहेर मुरूडकडचं, खालाचं तळोज्याचं.

दोघींना एकमेकींचं चालतं-न चालतं तोंडपाठ होतं. मैत्री म्हणजे सगळी बंधनं सोडून एका ताटात जेवणं, असं आता आपल्याला वाटतं. त्या दोघींनी एकही बंधन सोडलं नाही. बेटीव्यवहाराचा प्रश्नच नव्हता आणि रोटीव्यवहारही अर्धाच होता. आमच्याकडे कोंबडी हझाननंच, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यानंच, कापायची. हझान सुरी हातात घेऊन आधी अंगठ्याच्या नखावरून तिची धार फिरवायचे, एकदा इकडून, एकदा तिकडून, डोळे मिटून. धारेला तिळाएवढा जरी खाडा लागला तरी ती सुरी बाजूला. मग एका ओढीत काम, आणि सांडलेल्या रक्तावर मूठभर राख. खालाचे सासरे काठी टेकून हे सगळं पाहत उभे राहायचे आणि म्हणायचे, किताबवाल्यांच्या हातचं आम्हाला चालतं, कुराणात तसं सांगितलंय. त्यामुळे खालाच्या घरी आमच्या हझानच्या हातची कोंबडी चालायची. आजीला मात्र मोहल्ल्यातलं मटण चालत नसे. हे एकतर्फी होतं. खालानं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. तिच्या फडताळात आजीसाठी एक वेगळं पातेलं होतं. त्यात कधी मांस शिजलं नाही. त्यात व्हायचं ते सांदण, तांदळाच्या रव्याचं, नारळाच्या रसातलं. सांदण दोन्ही घरांचं होतं, आणि ते कुणाचं आधी हा वाद दोघी मरेपर्यंत मिटवणार नव्हत्या.

शुक्रवारी दिवेलागणीला आमच्याकडे किद्दूश व्हायचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या स्वागताची प्रार्थना. जगभरच्या यहुद्यांकडे तो द्राक्षाच्या दारूवर होतो. आमच्याकडे कोकणात दारू कुठली? काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं शरबत. दारूचा थेंब नाही, म्हणून खालाच्या मुलांनाही ते हक्कानं मिळायचं. शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही, तर सकाळी खालाची थोरली येऊन काही न बोलता चूल पेटवून जायची.

दारफाळणीचा सण, ज्याला बाकीचे यहुदी योम किप्पुर म्हणतात, त्या दिवशी आजी पांढरं लुगडं नेसून दारं लावून घ्यायची. कुणाला शिवायचं नाही, परक्याशी बोलायचं नाही. त्या दिवशी खाला आपल्या कोंबड्यासुद्धा आमच्या अंगणात येऊ द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, सगळ्यात आधी दार वाजायचं ते तिचं.

नव्या वर्षाला चिकाचा हलवा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. मग चीक, साखर आणि नारळाचा रस मोठ्या टोपात चुलीवर. नारळाचाच रस, कारण मटणाच्या जेवणाबरोबर आम्हाला जनावराचं दूध चालत नाही. आणि ढवळायचं. तास, दोन तास, कधी तीन. हात थांबला की तळाला लागलं. पहिला तास आजीचा, दुसरा खालाचा. हलवा कडेनं सुटू लागला की कालथा जड होतो, दोन्ही हातांनी धरावा लागतो. तेव्हा एकीनं टोप फडक्यानं धरायचा, दुसरीनं ढवळायचं. एका बाईनं करायचा तो पदार्थच नाही. ताटात ओतला की वर बदामाचे काप, आणि पहिली वडी वर्षानुवर्षं चाचांना.

माझ्या मनात मात्र सगळ्यात वर आहे तो खजूर.

त्यासाठी थोडा हिशेब सांगायला हवा. मुसलमानी महिने निव्वळ चंद्रावर चालतात. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आमचे महिनेही चंद्राचेच, पण हिंदू पंचांगासारखा आम्ही अधिक महिना धरतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. म्हणून पेसाख, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण, मार्च-एप्रिल सोडत नाही. रमजान फिरत फिरत तेहतीसेक वर्षांनी पेसाखला गाठतो, दोन-तीन वर्षं सोबत चालतो आणि पुढं निघून जातो.

१९५८ साली ते दोन्ही असेच एकत्र आले होते. दोघी नव्या नवऱ्या. पेसाखच्या ताटात आम्हाला खजुराचा पाक लागतो. बिया काढून खजूर भिजवायचा, उकळायचा, फडक्यातून पिळून तो रस काकवीसारखा होईपर्यंत आटवायचा. गुलामीत आमच्या पूर्वजांनी मळलेल्या चिखलाची ती आठवण. आणि खालाच्या घरी रोजा सोडायला खजूर. आजोबांनी आणि चाचांनी मिळून मांडवीच्या बाजारातून एक पोतं आणलं, बसऱ्याच्या खजुराचं, झापांत बांधलेलं. ओट्यावर मधोमध चिरलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. त्या आठ दिवसांत आमच्याकडे आंबवलेलं काही नाही आणि त्यांच्याकडे दिवसा पाण्याचा घोट नाही. आजी सांगायची, त्या आठवड्यात दुपारी दोन्ही चुली गार असायच्या आणि आळीत इतकं शांत कधीच नसायचं.

१९९१ साली पुन्हा तसंच झालं. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि ओट्यावर खजूर चिरताना मी पाहिलाय. पोत्याची जागा लाकडी खोक्यानं घेतली होती. चाचांचे हात कापत होते, म्हणून सुरी आजोबांनी धरली आणि खोकं चाचांनी. वाटणी झाल्यावर मधला एक चिकट गोळा उरला. दोघं तो एकमेकांकडे सरकवत राहिले. शेवटी खालानं तो माझ्या हातावर ठेवला.

आजीच्या माहेरची एक गोष्ट आहे, ती पटकन सांगते. जंजिरा हे सिद्दी नवाबांचं संस्थान. १८९१ ते १८९६ त्या संस्थानाचे कारभारी होते शालोम बापूजी इस्राएल वरघरकर, आमच्या समाजाचे. मुसलमान नवाबाचा कारभार यहुदी माणसाच्या हाती, आणि प्रजा बहुसंख्य हिंदू. आजीच्या वडिलांना याचा फार अभिमान. पण आजीला विचारलं तर ती म्हणायची, "मोठ्यांचं मोठ्यांना जमतंच रे. आळीत जमायला हवं."

आळी मात्र रिकामी होत गेली. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत आमची घरं एकेक करून निघाली. लोद, अश्दोद, बिअरशेबा, डिमोना. देशात एके काळी वीस हजारांच्या घरात असलेले बेने इस्राएल आता चार-पाच हजार उरलेत, तेही बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. पनवेलला इस्राएल तलावाचं नाव राहिलं, माणसं थोडी राहिली. आजोबांचे दोन भाऊ इस्राएलला गेले तेव्हा घराची किल्ली खालाकडे ठेवून गेले. ती किल्ली सोळा वर्षं तिच्या कमरेच्या जुडग्यात होती. दर पावसाळ्याआधी ती ते घर उघडून झाडून घ्यायची. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे पवित्र वचनांच्या नळीला, हात लावायची नाही, फक्त भोवतीची जळमटं काढायची. पुढं इस्राएलमधून 'मायबोली' हे मराठी त्रैमासिक येऊ लागलं. आजीची नजर गेली होती, म्हणून ते वाचून दाखवायचं काम चाचांचं. अश्दोदच्या मराठी यहुद्यांच्या लग्न-बारशाच्या बातम्या पनवेलला एक कोकणी मुसलमान एका इस्राएल म्हातारीला वाचून दाखवतोय, हे दृश्य मला तेव्हा अगदी रोजचं वाटायचं.

हे पनवेलपुरतंच नाही. कोलकात्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगची देखभाल मुसलमान कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या करतात, आणि तिथल्या ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्ये शिकणाऱ्या मुली बहुतेक मुसलमान आहेत. मुंबईत भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगशेजारच्या जेकब ससून शाळेतही तसंच. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्यात नरिमन हाउसमधल्या यहुदी केंद्रात माणसं मारली गेली. त्यानंतर मारेकऱ्यांच्या मृतदेहांना आपल्या बड्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुस्लिम जामा मशीद ट्रस्टनं साफ नकार दिला. आमच्या सिनेगॉगांच्या दारात पोलीस उभे राहू लागले. चाचा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांनी नातवाला पाठवून आजीला निरोप दिला, "दार उघडं ठेव. आम्ही आहोत." पुढच्या वर्षी दोघंही गेले, आधी चाचा, मग आजी.

२०२२ आणि २०२३. रमजानचा फेरा पुरा झाला. मी खालाच्या सुनेला घेऊन हार्बरनंच मशिदीला गेले, मांडवीतून खजूर आणला आणि ओट्यावर वाटला. आता ओटा म्हणजे इमारतीच्या जिन्याखालची पायरी. खाला ऐंशी पार. ती खुर्चीवर बसून वाटणीवर देखरेख करत होती.

२०२३ चाच ऑक्टोबर आला आणि इस्राएल-गाझात युद्ध पेटलं. अश्दोदला माझी आत्तेबहीण दोन लेकरांना घेऊन तळघरात बसलेली, तिचा फोन लागेना. इकडे खालाच्या नातवाच्या फोनवर गाझातल्या ढिगाऱ्याखालून काढलेली पोरं. मी काय पाहत होते ते त्याला दिसत नव्हतं आणि तो काय पाहत होता ते मला बघवत नव्हतं. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी कुणाच्यातरी बाजूनं काही टाकलं, कुणीतरी उलट टाकलं. तीन आठवडे आम्ही जिन्यात खाली मान घालून एकमेकांच्या शेजारून गेलो. सासष्ट वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मला रात्री झोप येत नसे, आणि ती फक्त बहिणीच्या काळजीनं जात होती असं नाही.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी दार वाजलं. खाला. गुडघे धरत दोन मजले चढून आलेली. बसली, पाणी प्याली आणि पहिलं वाक्य बोलली, "तुझी बहीण नि तिची पोरं बरी हायत ना?"

मी हो म्हटलं आणि रडले. मग मी म्हटलं, "खाला, तिकडली पोरं..." मला पुढं बोलता आलं नाही. तिनं डोळ्याला पदर लावला. कुणी सुरुवात केली, कुणाचं खरं, हे आम्ही बोललो नाही. तिला माझी बहीण माहीत होती आणि मला तिचा नातू माहीत होता. संध्याकाळी तो स्वतः तिला न्यायला वर आला. चहा घेतला. जाताना त्यानं ग्रुप सोडला होता. मीही सोडला.

तुमच्या आळीतही असं एखादं घर असेल, एखादी किल्ली, वेगळं ठेवलेलं एखादं पातेलं. ज्यांना त्याची गोष्ट माहीत आहे ती माणसं आता ऐंशी-नव्वदीची आहेत. कृपा करून त्यांच्याजवळ बसा आणि विचारून घ्या. माझं आजीला चिकाच्या हलव्याचं माप विचारायचं राहिलं. ते मला खालानं सांगितलं.

हिशेबानं पेसाख आणि रमजान आता २०५४-५५ च्या सुमारास एकत्र येतील. तेव्हा मी सत्तरी ओलांडलेली असेन. खजूर मात्र आम्ही आता दर वर्षी एकत्रच आणतो.